तपासणीच्या खोलीत घरातल्या माराची शंका आली, तर डॉक्टरांनी नेमके काय करावे?

प्रश्न : बाह्यरुग्ण

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे येणाऱ्या काही स्त्रियांच्या तक्रारी आणि त्यांनी सांगितलेली कारणे यांचा मेळ बसत नाही. न्हाणीघरात पाय घसरला असे सांगणाऱ्या बाईच्या दोन्ही दंडांवर बोटांच्या पकडीसारखे काळेनिळे वळ असतात. डोकेदुखी, अंगदुखी आणि झोप न लागणे एवढ्याच तक्रारी घेऊन वारंवार येणाऱ्या बाईच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित निघतात आणि औषध बदलले तरी ती पुन्हा येते. एखादी गरोदर बाई नोंदणीसाठी थेट सातव्या महिन्यात येते आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेजारी उभी असलेली सासू देते. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला जखमांचे प्रकार शिकवले, परंतु जखम करणारा माणूस दाराबाहेरच्या बाकावर बसलेला असताना त्या बाईशी काय बोलावे, हे कुणी शिकवले नाही.

आमच्या केंद्रातील ज्येष्ठ परिचारिकांचे मत असे आहे की, अशा वेळी नवऱ्याला आत बोलावून दोन शब्द सुनवावेत, बाईला थोडे सबुरीने घ्यायला सांगावे आणि दोघांना सोबत घरी पाठवावे, कारण संसार मोडण्याचे पाप आपण कशाला घ्यायचे. त्यांचा हेतू वाईट नाही, पण हा उपाय मला पटत नाही आणि दुसरा कोणता तेही ठाऊक नाही. बाईने स्वतःहून काही सांगितले नसताना विचारावे का, आणि विचारायचे तर कोणत्या शब्दांत? तिला पोलिसांत जायचे नसेल, तर एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करणे म्हणजे तिचा विश्वासघात ठरतो का? केसपेपरवर किती आणि काय लिहावे? आमच्याकडे समाजसेवक नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि एका रुग्णासाठी दहा मिनिटेही मिळत नाहीत, हे लक्षात घेऊन ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : समुपदेशक, मुंबई

डॉक्टर, आपण ज्या खुणा लिहिल्या आहेत त्या अचूक आहेत, आणि त्या दिसल्या म्हणजे विचारायलाच हवे. मी महापालिकेच्या रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात अनेक वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

या कामाची सुरुवात आपल्याकडे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्रापासून झाली. ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि मुंबई महानगरपालिकेचा आरोग्य विभाग यांनी मिळून २००० साली ते उभे केले, आणि रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाच्याच यंत्रणेचा भाग म्हणून चालणारे ते देशातील पहिले केंद्र मानले जाते. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली, केरळमध्ये ‘भूमिका’ या नावाने जिल्ह्या-जिल्ह्यांच्या रुग्णालयांत निघाली. यामागचा विचार साधा आहे. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढताना शंभरदा विचार करते, वकिलाचा पत्ता तिला माहीत नसतो, पण दवाखान्यात ती येतेच, कारण हात मोडलेला असतो किंवा मूल तापाने फणफणलेले असते. शिवाय दवाखान्यात जाण्यासाठी तिला घरात खोटे कारण सांगावे लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. म्हणजे आपल्या बाह्यरुग्ण विभागात त्या रोज येत असणार, फक्त दुसऱ्या आजाराच्या नावाने.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येते. येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सरसकट विचारावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस नाही. तिच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आशय असा आहे की, जिथे तक्रार किंवा जखम पाहून शंका येते तिथे विचारावे, आणि विचारण्यापूर्वी एकांत, विचारणाऱ्याचे प्रशिक्षण व पुढे पाठवण्याची सोय या गोष्टी हाताशी असाव्यात. यांपैकी एकांत ही सर्वांत अवघड बाब आहे. नवऱ्याच्या, सासूच्या, अगदी तिच्या स्वतःच्या आईच्या किंवा समज आलेल्या मुलाच्या देखत हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण तिने ‘नाही’ म्हटले तरी घरी गेल्यावर ‘डॉक्टरांना काय सांगितलेस?’ हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहतो आणि आपल्या चौकशीची किंमत ती मोजते. एकांत मिळवण्याची उत्तम रीत म्हणजे तो नियम करून टाकणे. ‘तपासणीच्या वेळी फक्त रुग्णाने आत यावे’ अशी पाटी दारावर लावावी आणि ती सर्वांना सारखीच लागू करावी. मग एकट्या तिलाच आत का घेतले, असा संशय कुणाला येत नाही. एवढ्याने जमले नाही तर लघवीची तपासणी, वजन, मलमपट्टी यांचे निमित्त असतेच, आणि या कामी परिचारिकांइतकी हुशारी डॉक्टरांकडेही नसते.

शब्दांचे म्हणाल, तर ‘नवरा मारतो का?’ असा थेट घाव घालू नये आणि ‘घरी सगळे ठीक ना?’ असे गुळमुळीतही विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो’ हेच येते. मी साधारण असे म्हणते : “अशा जखमा पुष्कळदा घरातल्या कुणीतरी मारल्यामुळे झालेल्या असतात, म्हणून मी अशा सगळ्याच बायकांना विचारते. तुमच्या बाबतीत तसे काही झाले आहे का?” ती नाही म्हणाली तर खोदून विचारत नाही. “पुढे कधी तसे वाटले तर इथे या, इथे बोललेले घरी कळणार नाही,” एवढे सांगून थांबते. पुष्कळ जणी पहिल्या भेटीत नाकारतात आणि पुढे कधीतरी, लसीकरणाला किंवा खोकल्याच्या औषधाला आल्यावर, आपणहून बोलतात.

ती बोलली, तर मधे न तोडता ऐकावे. ‘पण तू काय बोललीस त्याला?’ हा प्रश्न तोंडातून येऊ देऊ नये. ‘तुमची चूक नाही, कुणालाही असे मारण्याचा अधिकार नाही,’ हे वाक्य शासकीय रुग्णालयातील पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून ऐकण्याचे मोल आपल्याला बाहेरून कळत नाही. त्यानंतर तिला आज काय हवे आहे ते तिलाच विचारावे. कुणाला फक्त औषध हवे असते, कुणाला दोन रात्री राहायला जागा, कुणाला कागद. सुटका म्हणजे घर सोडणेच, असे आपण परस्पर ठरवून टाकतो, आणि ती परत नांदायला गेली की आपल्याला राग येतो. तो राग आवरणे हा या कामाचाच भाग आहे.

मात्र तिला घरी पाठवण्यापूर्वी धोक्याचा अंदाज घेणे टाळू नये. मारहाण अलीकडे वाढली आहे का, त्याने हत्यार उगारले आहे का, जीव घेण्याची धमकी दिली आहे का, गळा आवळला आहे का, तिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का आणि आज परत जाण्याची भीती वाटते का, हे विचारावे. भीती वाटते असे ती म्हणाली, तर शक्य असल्यास निरीक्षणाच्या नावाखाली तिला दाखल करून घ्यावे. रुग्णालयातील खाट हा कित्येकदा सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी बोभाटा होणारा आसरा असतो.

आपल्या परिचारिकांच्या उपायाविषयी स्पष्टच लिहिते. नवऱ्याला बोलावून दम दिल्याने त्याला एवढेच कळते की हिने बाहेर तोंड उघडले, आणि त्याचा हिशेब तो घरी करतो. दोघांना समोरासमोर बसवणे हे तिने मागितले असेल तर, तिची सुरक्षितता पाहून आणि प्रशिक्षित व्यक्तीनेच करायचे काम आहे. तपासणीच्या टेबलाशी उभे राहून करण्याचे नाही.

उत्तर : अपघात विभाग

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, आणि नोंदीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण न्यायालयात साक्षीला उभे राहिल्यावर आपली अक्षरे आपल्यालाच वाचावी लागतात.

एमएलसीची नोंद म्हणजे पोलीस तक्रार नव्हे. ती रुग्णालयाची नोंद आहे. आपण पोलिसांना कळवतो, ते येतात, आणि जबाब द्यायचा की नाही हे त्या प्रौढ स्त्रीने ठरवायचे असते. हे तिला आधी, नोंद करण्यापूर्वी, शांतपणे समजावून सांगितले तर विश्वासघाताचा प्रश्न उरत नाही. तिच्या नकळत नोंद केली आणि हवालदार थेट घरी पोहोचला, तर मात्र तो विश्वासघातच आहे. आज तिला तक्रार करायची नसेल, पण दोन वर्षांनी करावीशी वाटली तर त्या वेळी आजच्या जखमेचा पुरावा म्हणून ही एकच नोंद शिल्लक असते. तिचा नकार असल्यास तो तिच्या सहीनिशी लिहून घ्यावा, आणि कोणत्याही परिस्थितीत उपचार त्यासाठी अडवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे की, तातडीचे उपचार आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर.

हकीकत लिहिताना ‘घरगुती भांडणात मार लागला’ किंवा ‘हाणामारी’ असे मोघम लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे. या शब्दांतून कुणी, कुणाला, कशाने मारले यांपैकी काहीही कळत नाही. तिने जे सांगितले ते तिच्या शब्दांत लिहावे : ‘रुग्ण सांगते की काल रात्री नऊच्या सुमारास पतीने लाकडी फळीने डाव्या हातावर मारले व पोटात लाथ घातली.’ मारणाऱ्याचे नाते, वेळ, वस्तू, यापूर्वीच्या घटना, या सर्व गोष्टी त्यात याव्यात. त्याखाली आपल्याला दिसलेल्या जखमा : जागा, आकारमान सेंटिमीटरमध्ये, आकार, रंग आणि शक्य असल्यास शरीराच्या आकृतीवर खूण. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या बाहेरच्या बाजूला मुका मार असेल, तर तो बहुधा वार चुकवण्यासाठी हात आडवा धरल्याचा असतो, आणि पडून झालेल्या जखमा सहसा तिथे होत नाहीत. धारदार शस्त्राने चिरलेल्या जखमेला सवयीने ‘सीएलडब्ल्यू’ (बोथट वस्तूच्या माराने फाटलेली जखम) लिहून टाकण्याची चूक टाळावी, कारण त्या तीन अक्षरांनी सुरीची काठी होते आणि खटला तिथेच लंगडा पडतो. वळाच्या रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीची जखम’ असे ठामपणे लिहू नये; ते तितके नेमके सांगता येत नाही, आणि बचाव पक्षाचे वकील नेमके त्यावरच बोट ठेवतात. निरनिराळ्या काळच्या जखमा एकत्र दिसत आहेत, एवढे नोंदवणे पुरेसे आणि फार मोलाचे असते.

गळा आवळल्याच्या प्रकाराकडे आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होते, म्हणून त्यावर थांबतो. ‘गळा धरला होता, पण आता बरे आहे,’ असे बाई सहज सांगून जाते, मानेवर वळ दिसत नाही, आणि आपण हाताच्या जखमेला टाके घालून तिला सोडून देतो. बाहेर काहीही खूण नसताना आत स्वरयंत्राला किंवा मानेतील रक्तवाहिन्यांना इजा झालेली असू शकते, आणि त्याचे परिणाम काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसू शकतात. म्हणून आवाज घोगरा झाला आहे का, गिळताना दुखते का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली का, कपड्यांत लघवी झाली का, हे विचारावे. पापण्या उलटून आत आणि कानामागे रक्ताचे बारीक ठिपके आहेत का ते पाहावे. यांपैकी काहीही आढळल्यास तिला घरी न सोडता वरच्या रुग्णालयात पाठवावे. ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने एकदा आवळला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे संशोधनातून दिसून आले आहे. त्यामुळे ही नोंद उपचारापुरती नसून इशाराही असते.

गरोदर स्त्रीच्या पोटावर मार असेल, तर ती ‘दुखत नाही’ म्हणाली तरी बाळाचे ठोके, रक्तस्राव आणि गर्भाशयातील वार (प्लॅसेंटा) सुटल्याची लक्षणे पाहिल्याशिवाय तिला सोडू नये. भाजलेल्या बाईच्या बाबतीत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे सासरच्या माणसांनी सांगितलेले कारण लिहिताना ते कुणी सांगितले हेही लिहावे, आणि ती बोलण्याच्या स्थितीत आहे तोवर सासरच्यांना बाहेर ठेवून तिचे म्हणणे ऐकावे.

उत्तर : तालुक्याचा डॉक्टर

सर्वांचे म्हणणे वाचले. पुस्तकात ते शोभते. मी तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवतो. इथे बाईचे बिल नवरा देतो, नवऱ्याचा भाऊ ग्रामपंचायतीत असतो आणि दवाखान्याची काच फुटली तर भरपाई मीच करतो. मी नवऱ्याला बाहेर थांबवून बाईला असे प्रश्न विचारतो हे गावभर झाले, तर उद्या नवरे आपल्या बायकांना माझ्याकडे आणणारच नाहीत, आणि मग तिला मिळत होते ते उपचारही बंद होतील. याचा विचार मुंबईत बसून कुणी केला आहे का? शासकीय डॉक्टरांच्या पाठीशी सरकार आहे. आमच्या पाठीशी कोण? एमएलसी असेल तर मी शासकीय रुग्णालयाची चिठ्ठी देतो, एवढेच माझ्या हाती आहे असे मला वाटते.

उत्तर : समुपदेशक, मुंबई

डॉक्टर, आपली अडचण खरी आहे आणि ती मुंबईतही आहे. झोपडपट्टीतील दवाखान्यांचे डॉक्टर मला हेच सांगतात. म्हणूनच एकांताचा नियम सर्व रुग्णांना लावावा असे मी लिहिले, पुरुषांनासुद्धा. आपण तिला चिठ्ठी देऊन शासकीय रुग्णालयात पाठवता हेही वाईट नाही, पण ती चिठ्ठी घेऊन ती तिथे पोहोचते का, हे आपण कधी पाहिले आहे? बहुतेक वेळा ती चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात जाते. आपण मलमपट्टी करताना स्वतःच्या नोंदवहीत जखम आणि हकीकत नीट लिहून ठेवलीत, आणि तिला एकटीला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तोंडी पाठ करून घ्यायला लावलेत, तर दवाखान्याच्या काचेला काही होणार नाही. क्रमांक कागदावर लिहून देऊ नये; सापडलेला कागद तिला महागात पडतो. याच कारणासाठी माता व बाल संरक्षण कार्डावर किंवा घरी नेण्याच्या केसपेपरवर ‘पतीकडून मारहाण’ असे लिहू नये. ते रुग्णालयात राहणाऱ्या नोंदीत लिहावे, आणि पुढच्या भेटीसाठी फोन करायचा तर कोणत्या क्रमांकावर व कोणत्या वेळी केलेला चालेल, हे तिलाच विचारावे.

उत्तर : कायद्याचे बोलू

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील बरीच प्रकरणे चालवली आहेत. खासगी डॉक्टरांनी ‘एवढेच माझ्या हाती आहे’ असे म्हटले, त्याबाबत कायदा थोडे वेगळे सांगतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातील कलम ७ नुसार पीडित स्त्रीने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने) अथवा सेवा देणाऱ्या संस्थेने विनंती केल्यास वैद्यकीय सुविधेच्या प्रमुखाने तिला वैद्यकीय मदत द्यावीच लागते. त्याखालील २००६ च्या नियमांतील नियम १७ डॉक्टरांच्या फारसा वाचनात नसतो, पण तो त्यांच्यासाठीच आहे. तिने आधी कौटुंबिक घटना अहवाल, ज्याला आम्ही सगळे डीआयआर म्हणतो, नोंदवलेला नाही या कारणावरून मदत नाकारता येत नाही. तो नोंदवलेला नसेल तर वैद्यकीय सुविधेच्या प्रमुखानेच नमुना १ भरून तो स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. आणि वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यायची असते. ही प्रत मिळवण्यासाठी माझ्या अशिलांना जे हेलपाटे घालावे लागतात, ते पाहता हा नियम प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर चिकटवावा असे मला वाटते.

या कायद्यात शारीरिक मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक छळही येतो. भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेल्या लैंगिक जबरदस्तीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद आजही कायम आहे. तरीही तीच जबरदस्ती २००५ च्या कायद्याखाली लैंगिक छळ ठरू शकते. म्हणून ‘नवराच आहे, त्यात काय लिहायचे’ असे म्हणून ती बाब नोंदीतून गाळू नये. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, मग ती विवाहित का असेना, तर बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि तिथे डॉक्टरांना निवड राहत नाही. बलात्कार किंवा आम्लहल्ला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी आणि खासगी अशा सर्वच रुग्णालयांनी तातडीचे उपचार मोफत द्यायचे आणि पोलिसांना लगेच कळवायचे आहे.

आणखी एक मुद्दा या चर्चेत आला नाही. हिंसा सोसणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना नको असलेली गर्भधारणा हीच मोठी अडचण असते, आणि रुग्णालयात ‘नवऱ्याची सही आणा’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कुठेही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात असेही स्पष्ट केले की, गर्भपातविषयक नियमांपुरते ‘बलात्कार’ या शब्दात पतीने केलेली जबरदस्तीही धरावी, त्यामुळे अशा स्त्रीला चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ घेता येतो. सहीचा हट्ट धरणारे रुग्णालय तिला थेट मारणाऱ्याच्या दारात परवानगी मागायला पाठवत असते.

दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यास संरक्षण, निवास, खर्च आणि मुलांचा ताबा यांविषयीचे आदेश मिळू शकतात. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते ते न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायका सांगतील. तरीही डॉक्टरांची नोंद नीट असली, तर निदान अंतरिम आदेश लवकर मिळतो, हा माझा अनुभव आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा अथवा १५१०० वर फोन करावा.

प्रश्नकर्ता : बाह्यरुग्ण

सर्वांचे मनापासून आभार. नियम १७ मला खरोखरच माहीत नव्हता. नमुना १ च्या प्रती छापून घेतो. दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे फवारणीचे औषध प्यालेल्या बायका पावसाळ्यात बऱ्याच येतात. पोट धुतले, अ‍ॅट्रोपिन सुरू केले, पुढे पाठवले, एवढ्यावर आमचे काम संपते. त्यामागे घरातली हिंसा असेल अशी शंका येते, पण तेव्हा विचारण्याची वेळ नसते. दुसरे म्हणजे, आमच्या काही पाड्यांवरच्या बायकांची बोली मला समजत नाही. तिथे आशाताईंना दुभाषी म्हणून बसवावे, तर त्या त्याच गावच्या आणि कित्येकदा त्याच भावकीतल्या असतात.

उत्तर : समुपदेशक, मुंबई

विष घेतलेल्या प्रत्येक स्त्रीबाबत ‘चुकून प्यायली’ ही नोंद पडताळून पाहावी, असे आम्ही परिचारिकांना शिकवतो. कीटकनाशक चुकून पोटात जाणे अशक्य नाही, पण ती तशी क्वचित घडणारी गोष्ट आहे. पहिल्या तासात विचारायचे नाही, हे बरोबर. ती शुद्धीवर येऊन घोटभर पाणी पिऊ लागली, नातेवाईक चहाला गेले, की ती वेळ असते, आणि बहुधा ती रात्रपाळीच्या परिचारिकेला सापडते, राउंडला आलेल्या डॉक्टरांना नाही. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून गुन्हा दाखल होईल या भीतीने ती आणि तिच्या माहेरचेही गप्प राहतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्या प्रयत्नासाठी तिला शिक्षा होत नाही. हे तिला आधी सांगितले की पुढचे बोलणे सोपे होते. तिला पुढच्या रुग्णालयात पाठवताना फोन करून तिथल्या परिचारिकेला तोंडी कल्पना द्यावी. घरी सोडताना औषधांबरोबर पुढच्या भेटीची तारीख आवर्जून द्यावी, म्हणजे तिला घराबाहेर पडायला कारण मिळते.

उत्तर : निवृत्त आरोग्यसेविका

मी उपकेंद्रावर आयुष्य काढले आहे, म्हणून दुभाष्याविषयी दोन ओळी लिहिते. भावकीतल्या आशाताईला कधीही बसवू नये, कितीही चांगली असली तरी. तिची इच्छा नसली तरी घरी तिला विचारले जाते आणि तिलाही त्याच गावात राहायचे असते. शेजारच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका किंवा दुसऱ्या गावची आशा फोनवर घ्यावी. फोनवरच्या आवाजाला चेहरा नसल्यामुळे बाई अधिक मोकळी बोलते. नवऱ्याला किंवा मुलाला दुभाषी करू नये, हे तर सांगायलाच नको.

पण आशाताईंना या कामातून वगळूही नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने त्यांच्यासाठी स्त्रियांवरील हिंसेविषयी स्वतंत्र पुस्तिका काढलेली आहे, आणि कोणत्या घरातून रात्री आवाज येतो हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. त्यांच्याकडून चौकशी करवून घेऊ नये. बाईला लसीकरणाच्या किंवा तपासणीच्या दिवशी केंद्रापर्यंत आणण्याचे काम त्यांना द्यावे. मासिक बैठकीत कुणाचे नाव न घेता हा विषय काढावा. माझ्या बैठकांत असे दिसले की काही आशा स्वतःच मार खात असतात. त्या बैठक संपल्यावर मागे रेंगाळतात. त्यांच्यासाठीही दार तेवढेच उघडे ठेवावे लागते.

संरक्षण अधिकाऱ्यांची यादी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात मिळते, आणि जिल्ह्याचे सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे तेही तिथेच समजते. डॉक्टर, नाव आणि क्रमांक कागदावर घेऊन थांबू नका; एकदा प्रत्यक्ष जाऊन संरक्षण अधिकारी बाईंना भेटा. रात्री अकराला आपण फोन केला तर उचलतील का, हे त्यांना समोरासमोर विचारून ठेवा. सखी केंद्रात तात्पुरता निवारा मिळतो, पण सोबत किती वयापर्यंतची मुले ठेवून घेतात हेही आधीच विचारावे, कारण मुलाला मागे सोडून एकही बाई जीपमध्ये बसत नाही.